तिसऱ्या पावलानंतर

"डॉक्टर, थांबा जरा," टिल्लूसाहेब म्हणाले आणि त्यांनी कॅमेरेवाल्याला हातानं खूण केली. "तीनच पावलं झाली तुमची. पुढची चार कुठे गेली?"

ल्यू डॉक्टर अर्ध्या वळणात होते. अंगात पांढरा बनियन, काळी विजार, पायांत बायकोनं शिवलेले कापडी बूट. वय चौऱ्याहत्तर, पण गुडघ्यात वाकून बैठक घेतली की मांडीवर भरलेला पेला ठेवावा, थेंब सांडायचा नाही. ते सावकाश ताठ झाले.

"तीनच आहेत," ते म्हणाले.

"पुस्तकात सात आहेत."

"असतील की."

आमच्या शाळेचं मैदान होतं ते, मिरजेतलं. चौऱ्याण्णव सालचा डिसेंबर, सकाळचे आठ. मी त्या शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. टिल्लूसाहेब पुण्याच्या एका मंडळाचे चिटणीस. पारंपरिक चिनी युद्धकलेसाठी ज्यांनी आयुष्य घातलं अशा महाराष्ट्रातल्या पाच माणसांचा सत्कार करायचं त्या मंडळानं ठरवलं होतं. डॉक्टरांचं नाव मीच कळवलं होतं. त्याआधी नियमाप्रमाणे परीक्षा होती. डॉक्टरांनी 'लांब मूठ' नावाचा संच, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करून दाखवायचा, कॅमेऱ्यानं टिपायचा, मंडळाच्या पुस्तकाशी ताडून बघायचा. मैदानाच्या कडेला माझी चाळीस मुलं मांडी घालून बसली होती. सगळ्यांना तो संच पाठ होता.

"आणि हे मधेच वाकून जाणं कसलं?" टिल्लूंनी विचारलं.

उत्तर मीच देऊन टाकलं. "ती तलवार चुकवायची आहे, साहेब. समोरचा वरून वार करतो, आपण खालून निघायचं."

एकोणीस वर्षं मी मुलांना हेच सांगत आलो होतो. मुलांना तो भाग फार आवडायचा.

टिल्लू हसले. वाईट हसले नाहीत, अभ्यासू माणूस होता तो. "या संचात तलवार नाही, सर. आणि डावं कोपर असं बरगडीला का चिकटवलंय? लांब मूठ म्हणजे हात मोकळा सुटायला हवा. हे तर कोंडल्यासारखं दिसतंय." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "संच अपुरा आहे. वयामुळे विसरले असतील. असं मी पुढे पाठवू शकत नाही."

डॉक्टरांचं नाव पुढे जायलाच हवं होतं. त्याला कारण होतं. मी नाव कळवलं त्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला होता.

"भूपाल, मानपत्रावर गावाचं नाव असतं का रे?"

"असतं की. 'मिरजेचे डॉक्टर ल्यू' असं लिहितील."

"मराठीत?"

"मराठीतच."

"मग बरं," ते म्हणाले होते. "माझ्या इथं राहायच्या परवान्यावर दरवर्षी लिहून येतंय, 'सध्या राहणार मिरज'. सध्या. पासष्ट वर्षं झाली."

नऊ वर्षांचे असताना ते बापाचं बोट धरून चीनमधून आले. बाप दात काढायचा, कवळ्या बसवायचा. मुलगाही तेच शिकला. बायको इथली, आमच्या गावची नर्स, रूथबाई. अर्ध्या मिरजेच्या तोंडात डॉक्टरांचे दात होते. तरी परवाना होताच. त्यामुळे ते मानपत्र त्यांना का हवं होतं, ते मला ठाऊक होतं. आणि ते हातातून निसटताना दिसत होतं.

"मगदूम सर," टिल्लू म्हणाले, "तुम्ही गेल्या मे महिन्यात आमच्या शिबिराला होता ना? तुम्हाला पूर्ण संच येतो?"

"येतो." शिबिरातली सात पावलं मी पुण्याची वेगळी पद्धत समजून सोडून दिली होती.

"मग दाखवा. निदान शिष्याकडे पूर्ण आहे असं तरी नोंदता येईल."

मला वाटलं, ठीक. शिष्याचं पूर्ण दिसलं तर गुरूचं आपोआप पूर्ण होईल. डॉक्टरांचा एक नियम होता, अगदी पहिल्या दिवशी सांगितलेला: मी 'कर' म्हटल्याशिवाय माझ्यासमोर करायचं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बुटाची नाडी बांधत होते. मी थांबलो नाही.

सात पावलं गेलो. हात मोकळे सोडले. वाकलो नाही. वळून सात पावलं परत आलो. कॅमेरा घरघरत होता. टाळ्या वाजवायच्या की नाहीत, ते मुलांना कळेना.

संपल्यावर डॉक्टर उठले. उजवी मूठ, तिच्यावर डावा पंजा, असा त्यांचा नमस्कार असतो. शिष्य छातीच्या खाली मूठ धरून वाकतो, गुरू नुसती मान हलवतो. त्या दिवशी डॉक्टरांनी मूठ खाली धरली आणि ते मला वाकले.

रूथबाईंनी थर्मासमधून चहा आणला होता. मी कप दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. पंच्याहत्तर साली त्यांनी मला शिष्य म्हणून घेतलं तेव्हा असाच धरला होता. चहा प्यायले म्हणजे घेतलं, अशी त्यांची रीत. त्यांनी कप घेतला, कठड्यावर ठेवला आणि मुलांना म्हणाले, "चला रे, तास भरेल तुमचा."

चहा तिथंच राहिला.

निघताना टिल्लूंनी गाडीच्या बॉनेटवर एक कागद ठेवला. "एवढी माहिती भरा. पूर्ण संच कुठे शिकलात?" मी लिहिलं, 'पुणे शिबिर, मे १९९४'. खरं तेच लिहिलं आणि सही केली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. लखोट्यावर माझं नाव होतं. 'लांब मुठीचा संपूर्ण संच विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवल्याबद्दल श्री. भूपाल मगदूम, मिरज, यांचा सत्कार करण्याचे मंडळाने ठरवले आहे.' खाली एक ओळ होती: 'ज्येष्ठ अभ्यासक डॉ. ल्यू यांनी पाहुणे म्हणून उपस्थित राहावे.'

मी ते पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. तास घेताना माझं मन जागेवर नाही, हे मुलांच्या लक्षात आलं. तस्लीम नावाची एक मुलगी होती, सातवीतली, कधी गप्प न बसणारी. तिनं विचारलं, "सर, आता तीनवर वळायचं का सातवर?"

"तीनवर," मी म्हटलं.

"मग तुम्ही सात का गेला?"

मी शिट्टी वाजवली आणि मुलांना पळायला लावलं. मुलांच्या प्रश्नाला मी असं उत्तर त्याआधी कधी दिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी डॉक्टरांच्या घरी गेलो. खाली स्टेशन रस्त्याला लागून दवाखाना, वर राहायला दोन खोल्या. दवाखाना बंद होऊन तीन वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मी आत एकदाच गेलो होतो, दाढ दुखत होती तेव्हा, आणि तेव्हा काही बघण्याच्या अवस्थेत नव्हतो. तेव्हाच मी शिकवा म्हणून मागं लागलो, आणि पुढं डॉक्टर मला मैदानावरच शिकवायला यायचे.

रूथबाईंनी दार उघडलं. "डॉक्टर भाजी आणायला गेलेत. बसा."

मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"तुमचं काय चुकलं, विचारायला आलात का?"

"बाई, मी त्यांचं काम व्हावं म्हणून..."

"ते मला माहिती आहे. त्यांनापण माहिती आहे." त्या उठल्या. "खाली चला माझ्याबरोबर."

खाली त्यांनी दिवा लावला. लांबट, अरुंद खोली. मधोमध दातांची जुनी खुर्ची, लोखंडी पाय फरशीत स्क्रूनं आवळलेले. खुर्चीवर वाकड्या दांडीचा मोठा दिवा. डाव्या बाजूला हत्यारांचा ट्रे, तोही भिंतीतून निघालेल्या लोखंडी हातावर बसवलेला.

"इथं उभं राहा," बाई म्हणाल्या. "दाराला पाठ करून. आता तुमचा तो संच करा. डॉक्टरांनी शिकवलेला."

"का?"

"करा की. मुलांना सांगितलं की मुलं विचारत बसतात का?"

मी बैठक घेतली. पहिलं पाऊल. ट्रेच्या कडेला कोपर लागलं, म्हणून आत ओढलं, आणि ओढताना कळलं की मी ते नेहमीच आत ओढतो. दुसरं पाऊल. समोर दिवा आला. मी वाकून खालून निघालो. तिसरं पाऊल टाकलं आणि माझी मूठ भिंतीला टेकली.

मला वळावंच लागलं.

भिंतीवर छातीएवढ्या उंचीला दोन काळपट गोल होते. तिथला रंग गेला होता, खालचा गिलावासुद्धा घासून गुळगुळीत झाला होता.

"दर दिवाळीला रंग द्यायचो," बाई म्हणाल्या. "संक्रांतीपर्यंत परत उडालेला."

मी पेशंटच्या स्टुलावर बसलो. बाई उभ्याच होत्या.

"लढाईच्या आधी ते कृष्णाघाटावर जायचे, रोज पहाटे. सात पावलं, चौदा पावलं, कितीही जा. लोक बघायला थांबायचे. 'डॉक्टर, आमच्या पोरालापण शिकवा' म्हणायचे. बासष्टला लढाई लागली आणि तेच लोक म्हणायला लागले, चिनी घाटावर उभा राहून कुणाला खुणा करतोय बघा. एका पहाटे दगड आला. इथं लागला." त्यांनी कानामागं बोट ठेवलं. "मीच टाके घातले. मग पोलीस कचेरीत बोलावलं. सोमवारी सोमवारी हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही, आणि चारचौघांत असले हातवारे करायचे नाहीत. घरी आले, दार लावलं आणि इथं सुरू केलं. खुर्ची हलत नव्हती. मग तेच हलले तिच्या बाजूनं. तेरा वर्षं, भूपाल. तुम्ही दाढ घेऊन आलात तोपर्यंत."

"मला कधी बोलले नाहीत."

"कसं बोलणार? तुम्ही मुलांना तलवार म्हणून सांगत होता."

दारात पिशवी घेऊन डॉक्टर उभे होते. कधी आले ते आम्हाला कळलं नाही. पिशवीतून मेथीची पानं बाहेर आली होती.

"झालं का बाईंचं?" ते म्हणाले. "दात काढायला बसलायस का, भूपाल? आता मी काढत नाही. हात थरथरतो."

मी उठलो. "डॉक्टर, तुम्हाला माहीत होतं?"

"काय, हे?" त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "माहीत नसायला काय झालं? पंच्याहत्तरला तू मला मैदानावर नेलंस, तेव्हा म्हटलं, आज सात जायचं. तीन गेलो आणि पाय आपोआप वळला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तू बाजूला उभा, बघून बघून करतोयस. मग तूपण वळलास. तुला काय सांगू, की बाबा, पाय भितोय माझा? लाज वाटली. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत होतो. मग तू मुलांना शिकवलंस. एवढी मुलं एकदम वळतात, एकदम वाकतात. छान दिसतं रे ते." ते थोडं हसले. "तू तलवार म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं."

"मी पुण्याला कळवतो. सगळं लिहितो. का वळता, का वाकता..."

"नको."

"डॉक्टर, सत्कार तुमचा आहे."

"भूपाल, ऐक. ते वाचतील, डोळ्यांत पाणी आणतील आणि मला शाल देतील. भिंतीसाठी शाल नको मला. माझ्या बापानं मला सात पावलं शिकवली होती. ती राहिली असती तर घेतली असती शाल." पिशवी त्यांनी बाईंच्या हातात दिली. "तू जा. मान दिलेला नाकारू नये. पण हे तिथं सांगत बसायचं नाही. मला शब्द दे."

मी शब्द दिला. वर गेल्यावर बाईंनी चहा केला. मी कप दोन्ही हातांनी धरला. डॉक्टरांनी या वेळी तो घेतला आणि प्यायले. पण मी खाली वाकून नमस्कार केला, तर ते खिडकीबाहेर बघत होते.

सत्काराला ते आले नाहीत. "पुण्याला जायचं म्हणजे आधी कळवावं लागतं," म्हणाले. कळवण्याचा नियम कधीच सैल झाला होता. तरी तीस वर्षांत ते कोल्हापूरच्या पुढं गेले नव्हते.

सभागृह मोठं होतं. व्यासपीठ चाळीस फूट तरी असेल, आमच्या शाळेचे चार वर्ग बसतील एवढं. सुरू होण्याआधी मी टिल्लूंना गाठलं आणि म्हटलं, "मानपत्रात गुरू म्हणून डॉक्टर ल्यूंचं नाव घाला. मिरजेचे डॉक्टर ल्यू."

"सर, छापून झालंय," ते म्हणाले. "आणि तुम्हीच लिहून दिलंत ना, शिबिरात शिकलात म्हणून? तुमच्याच सहीचा कागद आहे."

शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, मानपत्र वाचलं गेलं. मिरज हा शब्द दोनदा आला, दोन्ही वेळा माझ्या नावाला लागून. मग निवेदक म्हणाले, मगदूम सर आता लांब मुठीचा संपूर्ण संच सादर करतील.

मी शाल काढून ठेवली. बैठक घेतली. एक पाऊल, कोपर आत. दुसरं, वाकलो. तिसरं, आणि वळलो. समोर सगळं व्यासपीठ रिकामं पडलं होतं. कुणीतरी मागच्या रांगेत हसलं. मी तसाच शेवटपर्यंत केला, त्या खोलीएवढ्या जागेत, आणि नमस्कार केला. टाळ्या पडल्या, पण दबक्या, चुकलेल्या मुलाला देतात तशा.

टिल्लू जवळ आले. "दडपण आलं का, सर?"

मी शब्द दिलेला होता.

"हो," मी म्हटलं.

परत आल्यावर मानपत्र मी कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी शाळेत लवकर गेलो. मैदान आखायची फक्की घेतली आणि मैदानाच्या मधोमध एक खोली आखली. आठवून आठवून, पावलांनी मोजून. चार भिंती, मधे खुर्चीचा गोल, ट्रेची चौकट. दिव्याच्या जागी दोन मुलं दोरी धरून उभी केली. मुलं गोळा झाली.

"ही कुणाची खोली, सर?" तस्लीमनं विचारलं.

मुलांना किती सांगावं, याचा मी पुष्कळ विचार केला होता. शब्द पुण्यापुरता होता, असं मी मनाशी ठरवलं होतं. ते बरोबर होतं की नाही, अजून मला नक्की सांगता येत नाही. "एका माणसाला बाहेर खेळायची बंदी होती," मी म्हटलं. "मग तो इथं खेळला. तेरा वर्षं. आपण जे करतो ते या खोलीतलं आहे."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकेक आत गेली. कोपर, दोरी, भिंत, वळण. कुणी हसलं नाही. तस्लीम आत गेली, भिंतीच्या रेघेपाशी मूठ थांबवली आणि तिथं जरा उभी राहिली.

डॉक्टर फाटकाशी आले होते. बुधवारी ते येतच. मी विसरलो नव्हतो. ते चालत मैदानाच्या मधे आले, त्या रेघांभोवती एक चक्कर मारली. मी वाट बघत होतो, रागावतील म्हणून. मुलंही बघत होती.

"चुकलंय," ते म्हणाले.

"काय, डॉक्टर?"

"भिंत आणखी दोन बोटं अलीकडं." मग म्हणाले, "आणि दार कुठाय? दार काढलं नाहीस तू."

मी फक्कीचं डबडं त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते घेतलं नाही. ते खोलीत शिरले, जिथून सुरुवात करायचे तिथं, दाराला पाठ करून उभे राहिले. मग मागं वळले आणि कापडी बुटानं मागची रेघ हळूहळू पुसली, माणूस जाईल एवढी.

"इथं होतं," ते मुलांना म्हणाले. "बंद असायचं. पण होतं. जा की आता. इथून जा. सात पावलं."

तस्लीम पहिली गेली. त्या फटीतून बाहेर पडली आणि मोकळ्या मैदानात मोजत निघाली, मोठ्यानं, एक, दोन, तीन, चार. तिच्यामागं सगळी. सातवर वळायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. काही पार कुंपणापर्यंत गेली.

"तुम्हीपण चला, डॉक्टर," मी म्हटलं.

"जातील ती," ते म्हणाले. "तू जा त्यांच्याबरोबर. कोपर मोकळं सोडायला सांग."

मी गेलो. बऱ्याच अंतरावरून मागं पाहिलं, तर डॉक्टर त्या चार रेघांच्या आतच उभे होते, पाय जुळवून, आणि बुटाला लागलेली फक्की झटकत होते.